डाव्या अंगाचं दार

१

माणूस उंचावरून पायऱ्यांवर पडला की कसा आवाज होतो, ते मला कुणी सांगायला नको. मी ऐकलाय. भर दुपारची वेळ, सगळी कचेरी जेवून डोळा लावून पडलेली. मी माझ्या टेबलाशी उंडो, म्हणजे आमचा वाटोळा पाव, आणि पातळभाजी खात होते आणि बाहेर पायऱ्यांवर धप्पकन काहीतरी आदळलं. घास तोंडातच राहिला.

पण मी घाबरले ती त्या आवाजाने नाही. मी आधीच घाबरून बसले होते. थोड्या वेळापूर्वी माझ्या पाठीमागच्या भिंतीतून कुणीतरी वर चढत गेलं होतं. भिंतीच्या बाहेरून नाही, आतून. जड चामड्याच्या व्हाणांचा फटक फटक आवाज. आणि बाहेर ते आदळल्यावर तोच आवाज भिंतीतून खाली आला, या खेपेला घाईने.

आता ही कचेरी कशी आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमोण्याच्या धक्क्यापासून थोडं चाललं की आमची खांबांची कचेरी लागते. पोर्तुगीज अंमलात कुणा अधिकाऱ्याने बांधली, त्याला लिस्बनची आठवण येत असणार. आता ती बार्जवाल्या खनिज कंपनीकडे आहे आणि मी तिथे टाइपिस्ट. समोर चार जाडजूड खांब, आत चिरा आणि वरून चुन्याचा गिलावा, लांबून बघणाऱ्याला संगमरवर वाटावा असा. खांबांवर मोठी त्रिकोणी शिखरभिंत. तिच्या मधोमध राजाचं चिन्ह होतं, ते मुक्तीनंतर कुणीतरी छिन्नीने उडवलं. दोन्ही बाजूंना दोन अंगं, उजवं आणि डावं, अगदी सारखी. उजवीकडे जेवढी जनेलं, म्हणजे खिडक्या, तेवढीच डावीकडे. उजव्या टोकाला छपराखाली एक वाटोळं जनेल, तसंच डाव्या टोकाला. मागे लांब व्हरांडा, पण मधला दिवाणखाना मागच्या बाजूला बाहेर आलेला, त्यामुळे व्हरांड्याच्या एका टोकावरून दुसरं दिसत नाही. उजव्या टोकाला अरुंद दार आहे, त्यातून जिना शिखरभिंतीच्या मागे छपरावर जातो. डाव्या टोकालाही तसंच दार. पण ते खोटं, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. जोडी जुळावी म्हणून फळी बसवली, मागे नुसती भिंत.

त्या दाराशी देवचार राहतो. देवचार म्हणजे आमच्या गावचा राखणदार. खांद्यावर कांबळं, तोंडात विडी आणि पायात व्हाणा. दर वर्षी त्याला चामड्याच्या नव्या व्हाणा वाहायच्या, माणसाच्या पायाला मोठ्या होतील अशा. वर्षाने बघावं तर तळ झिजलेले. म्हणजे तो शीव राखायला फिरतो. त्या व्हाणांना हात लावायचा नाही आणि दाराला तर नाहीच नाही. माझा मोठा भाऊ बाबली, आमचा दादा, इथला पहारेकरी. त्याच्याआधी आमचा बाप होता, बापाआधी आजा. तिघांनी त्या दारापुढे उंडो ठेवला, विडी ठेवली, आणि तिघांपैकी एकानेही दार ढकलून बघितलं नाही.

तर मी धावत बाहेर निघाले. वाटेत मॅनेजर कृष्णनाथबाबांची केबिन. दाराबाहेर त्यांचे काळे बूट जोडीने ठेवलेले. बूट बाहेर म्हणजे साहेब आत झोपलेत, दार वाजवायचं नाही, हा इथला नियम. मी नियम पाळला आणि एकटीच खांबांपाशी आले.

पायऱ्यांवर जयराम कुंकळ्येकर पडले होते. डोळे उघडे होते, पण त्यात काही उरलं नव्हतं. वर डाव्या वाटोळ्या जनेलातून पारव्यांचा थवा उडाला, एक गिरकी घेऊन परत आत शिरला. मी ओरडले की नाही ते आठवत नाही, पण माणसं आली. धक्क्याकडून साईश आला, आमचा नकाशे काढणारा, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत धापा टाकत. फणसाखालून झाप बांधणारा सखाराम आला. माझ्या मागून कृष्णनाथबाब आले, अनवाणी, डोळे चोळत. शेवटी उजवीकडून दादा आला आणि मटकन खाली बसला.

कुंकळ्येकर पणजीहून आले होते, जुन्या इमारतींचे जाणकार म्हणून. मे महिन्यात गोव्याचं राज्य झालं आणि सरकारला जुन्या भिंतींची आठवण आली. खांबांची कचेरी राखायची की पाडू द्यायची, हे त्यांनी सांगायचं होतं. सकाळीच त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर देवचाराच्या दाराकडे बोट दाखवलं होतं.

"ज्याने ही इमारत बांधली त्याचा हात चोख होता," ते म्हणाले होते. "उजवीकडे जिना आहे तर डावीकडे असणारच. दुपारच्या चहानंतर हे दार उघडू."

२

परब फौजदार संध्याकाळी आले. नारायण परब, धारगळचे, आमच्या भागात नवेच. उंच, वाळके, आणि बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघायची सवय. मला पहिल्याच नजरेला आवडले नाहीत. माझ्या भावाला घेऊन जायला आलेला माणूस मला आवडेल कसा?

भानगड दादाच्याच तोंडून झाली. उजव्या जिन्याच्या दाराला कुलूप असतं आणि किल्ली दादाकडे. कुंकळ्येकरांना दुपारी झोपायची सवय नव्हती. शिखरभिंतीचा मागचा भाग बघायचा म्हणून त्यांनी जेवल्यावर दार उघडून घेतलं आणि वर गेले. दादा उंबऱ्यावर बसून राहिला.

"तुझ्यासमोरून आणखी कोण वर गेलं?" फौजदारांनी विचारलं.

"कोणूच ना," दादा म्हणाला.

"डोळा लागला असेल."

"हांव न्हिदूंक ना."

मी मागून त्याचा सदरा ओढत होते. पण सत्य बोलायचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की आमचा दादा ऐकतो का कुणाचं? कोणी वर गेलं नाही, कोणी खाली आलं नाही, मी जागा होतो. हवालदार छपरावर जाऊन आला. शिखरभिंतीच्या कठड्यापाशी झटापटीच्या खुणा होत्या, शेवाळ खरवडलेलं होतं. पुढे डाव्या बाजूला निसरडं होतं आणि माडाच्या जुन्या झापांचा ढीग, तिथून तो परतला. लपलेलं कोणी नव्हतं. म्हणजे ढकलणारा वर जायला हवा आणि वर जायची वाट एकच. त्या वाटेवर बसलेला माणूस म्हणतो, माझ्याशिवाय तिथे कोणी नव्हतं. फौजदारांनी दुसरं करायचं तरी काय?

तरी त्यांनी सगळ्यांना विचारलं. सखाराम सावंतवाडीकडचा. पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतींना झड लागू नये म्हणून माडाच्या चुडतांचे विणलेले झाप सगळ्या व्हरांड्याला बांधतात आणि चतुर्थीच्या आधी उतरवतात, ते काम त्याचं. उजवीकडचे उतरवून झाले होते, डावीकडचे अजून होते. सकाळी कुंकळ्येकरांनी त्याला चारचौघांत झाडलं होतं, झापांसाठी खांबांच्या गिलाव्यात खिळे मारले म्हणून.

"साहेबानु, चार खिळे मारले म्हणान मी माणूस मारीन काय?" तो म्हणाला. "मी फणसाखाली आडवो होतंय, माझ्या माणसांका इचारा."

साईशने नव्या सिमेंटच्या कचेरीचा नकाशा काढला होता. जुनी राखली तर त्याचा नकाशा कपाटात जाणार. पण तो धक्क्यावर होता, असं त्याचं म्हणणं, आणि बार्ज चालवणाऱ्या तांडेलाने ते अर्धवट खरं केलं. अर्धवट म्हणजे, होता, पण सगळा वेळ नव्हता.

"आणि आपण?" फौजदारांनी कृष्णनाथबाबांना विचारलं.

"मी झोपलो होतो," ते म्हणाले. "आमची कमलाक्षी सांगेल. बूट बाहेरच होते."

"होते," मी म्हटलं. खरंच होते.

दादाला जीपमध्ये बसवलं तेव्हा त्याने मागे वळून एकच सांगितलं, देवचाराचा उंडो विसरू नको. माझ्या अंगाची लाही लाही झाली. माणूस फासावर जायच्या वाटेला लागला आणि याला उंड्याची पडलीय.

सगळं गाव एकच बोलत होतं. देवचाराचं दार उघडायला निघाला आणि देवचाराने ढकलला. बाबली बिचारा फुकट अडकला. पण कोर्टात देवचाराचं नाव कोण घेणार? आणि मी भिंतीतली पावलं ऐकली होती. ती गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, घरच्या देवालासुद्धा नाही.

३

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. घरी बसून वेड लागलं असतं. टाइपरायटरवर बोटं ठेवली, पण पाठ भिंतीकडे करून बसवेना. बसायची कदेल तिरकी केली, तरी मानेवर कुणाचा तरी श्वास लागतोय असं वाटायचं. दुपार झाली, कचेरी शांत झाली.

"कमलाक्षी."

मी केवढ्याने दचकले. दारात कृष्णनाथबाब उभे होते, हातात चहाचा कप. पेडण्याचे, चार वर्षांपूर्वी मॅनेजर म्हणून आलेले, बोलायला मऊ. मला कधी रागावले नव्हते.

"तू दुपारी घरी जात नाहीस ना?"

"नाही साहेब."

"कालही इथेच होतीस."

"हो."

त्यांनी माझ्या मागच्या भिंतीवर हळूच हात फिरवला. "ओलसर आहे गं ही. टेबल तिकडे उजव्या अंगाला हलवून देतो. इथे काही वाजतं का भिंतीत? उंदीर वगैरे?"

"नाही," मी म्हटलं.

"काहीच नाही?"

"टाइपरायटरच्या आवाजात काय ऐकू येणार साहेब."

ते हसले, चहा संपवला आणि गेले. काल दुपारी मी टाइप करत नव्हते. जेवत होते. उंड्याचा अर्धा तुकडा टेबलावर तसाच पडला होता आणि तो सगळ्यांनी बघितला होता.

मी तडक ठाण्यावर गेले, दादाला भेटायला. कोठडीत तो भिंतीला टेकून बसला होता. एका रात्रीत म्हातारा दिसायला लागला होता.

"दादा, तू झोपला होतास म्हण," मी गजांना तोंड लावून म्हटलं. "एवढंच म्हण. डोळा लागला, कोणी गेलं असेल तर कळलं नाही. सुटशील."

"म्हज्या मुखार कोण वयर गेलो ना, कमल."

"अरे, पण तुला फाशी देतील."

त्याचे ओठ थरथरत होते. म्हणजे भीती वाटत नव्हती असं नाही. "भंय दिसता गो," तो म्हणाला. "खूब दिसता. पूण फट कशी उलोवची? थंय बसून हांवें देवचाराचो उंडो खाला." पहारेकऱ्याला देवचाराच्या उंड्यातला उरलेला भाग मिळतो, पिढ्यान्‌पिढ्या. तो खाल्ला म्हणून जागेवर बसून खोटं बोलता येत नाही, असं त्याचं गणित.

मला रडू फुटलं. आणि रडता रडता कळलं की खोटं बोलणं याच्याकडून व्हायचं नाही, तेव्हा खरं बोलणं माझ्याच गळ्यात पडलंय. परब फौजदार बाहेरच्या खोलीत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि भिंतीतल्या पावलांचं सगळं सांगितलं.

ते हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"व्हाणांचा आवाज?" त्यांनी विचारलं. "बुटांचा नाही? नक्की?"

४

आम्ही लगेच निघालो. मागच्या व्हरांड्याच्या डाव्या बाजूला अजून झाप होते, आत हिरवट अंधार आणि कुजक्या चुडतांचा वास. टोकाला ते दार. खाली मी सकाळी ठेवलेला उंडो, विझलेली विडी आणि देवचाराच्या व्हाणा.

दारापासून चार हातांवर फौजदार थांबले. मीही थांबले.

"आमच्या धारगळातही राखणदार आहे," ते हळूच म्हणाले. "माका पण भंय दिसता, बाई. लपवून काय करू?"

पहिल्यांदा तो माणूस मला जरा बरा वाटला.

त्यांनी हात जोडले, पुटपुटले, मग खिशातला रुमाल काढला आणि रुमालाने एक व्हाण उलटी केली. तळ झिजलेला होता, ते तर दर वर्षीचंच. आमच्याकडे कुणीही बघितलं असतं तर हात जोडून निघून गेलं असतं. फौजदारांनी नाक जवळ नेलं.

"हे काय आहे?"

तळाला करडं-पांढरं काहीतरी लागलं होतं, अजून पुरतं वाळलेलं नव्हतं. त्यात एक बारीक पीस.

"पारव्याची शीट," मी म्हटलं.

"या व्हरांड्यात पारवे येतात?"

"झाप असताना कुठून येणार?"

"मग देवचार पारव्यांत कुठे फिरून आला?" त्यांनी व्हाण जागेवर ठेवली. "काल आलो तेव्हा मी बाहेरून बघत होतो. उजव्या वाटोळ्या जनेलातून एकही पारवा आला-गेला नाही, कारण जिन्यात बाबलीची आणि माणसांची ये-जा. डाव्या जनेलात मात्र सगळा थवा राहतो. मागे नुसती भिंत असती तर पारवे कुठे राहिले असते? कुंकळ्येकर बरोबर बोलत होते. डावीकडेही जिना आहे, आणि त्याचं वरचं तोंड त्या झापांच्या ढिगाआड असणार."

मी दाराकडे बघितलं. फळी जुनी, काळी पडलेली. कडी नाही, कुलूप नाही, कधीच नव्हतं.

"तुम्ही ढकला," मी म्हटलं.

"तुम्ही इथल्या," ते म्हणाले.

शेवटी त्यांनीच बोटाने ढकललं. दार कुरकुरलं नाही की अडलं नाही, गुपचूप आत गेलं. बिजागऱ्यांना तेल होतं. आत अरुंद जिना, उजवीकडच्यासारखाच, फक्त शिटांनी बरबटलेला, काचेऐवजी शिंपले लावलेल्या जुन्या जनेलांचे फुटके तुकडे जागोजागी. जिन्याखाली पुठ्ठ्याचे खोके रचलेले. फौजदारांनी एक फाडला. परदेशी घड्याळं.

"समुद्रात उभ्या असलेल्या जहाजांवरून बार्जवर आणि बार्जवरून इथे," ते म्हणाले. "देवचारापेक्षा चांगला राखणदार कुठे मिळणार?"

"कोण?" मी विचारलं.

त्यांनी दार होतं तसं ओढून घेतलं. "उद्या सकाळी कचेरीत सगळ्यांसमोर मी एक गोष्ट बोलणार आहे. तुम्ही आश्चर्य वाटल्यासारखं करा. आणि दुपारी माझ्याबरोबर या जिन्यात बसायचं. मला साक्षीदार हवाय."

मी नाही म्हणणार होते. मग दादाचे थरथरणारे ओठ डोळ्यांपुढे आले.

५

सकाळी फौजदारांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. "माझं डोकं चालत नाही," ते म्हणाले. "देवस्थानच्या गावकरांना सांगितलंय. संध्याकाळी येऊन देवचाराचा कौल लावणार. त्याच्या व्हाणा कुणीतरी पायात घातल्यात, असं गावात बोलतात. कौलात नाव निघेल."

साईशने थुंकी गिळली. सखारामने कानाला हात लावला. कृष्णनाथबाबांनी घड्याळात बघितलं. मी तिघांकडेही बघितलं आणि तिघांचीही मला भीती वाटली.

दुपारी कचेरी निजली, तसे आम्ही दोघं मागच्या बाजूने आत शिरलो. हवालदार झापांच्या आड बाहेर. जिन्यात काळोख, घाणीने डोळे चुरचुरत होते, डोक्यावर पारवे घुमत होते. मी पायरीवर बसले.

"ऐका," फौजदार कुजबुजले. बोलत राहिलं की त्यांनाही बरं वाटत असावं. "देवचाराच्या व्हाणा कोण पायात घालील? इथला कुणीही मरेल, पण घालणार नाही. मग ज्याने घातल्या त्याची काहीतरी अडचण असणार. सखारामला काय अडचण? तो जन्मभर अनवाणी. शीट लागली तर चिखलात पाय पुसून मोकळा, त्याच्या पायाकडे कोण बघतो? साईशच्या पायात कॅनव्हासचे बूट होते, आला तेव्हाही होते. पांढरे आणि स्वच्छ. मी तपासले. त्याला व्हाणा घालायच्या तर आधी बूट काढायला हवेत, मग परत घालून नाड्या बांधायला हव्यात आणि तरीही धक्क्याकडून धावत यायला हवं. तेवढा वेळच नव्हता."

"मग?"

"मग असा माणूस शोधायचा ज्याच्याकडे बूट आहेत, पण ते त्याला घालता येत नव्हते. ते दुसरीकडे, सगळ्यांच्या नजरेसमोर असायलाच हवे होते."

जोडीने ठेवलेले काळे बूट. मी त्यांच्या शेजारून धावत गेले होते आणि दार वाजवलं नव्हतं.

"त्यांच्या केबिनचं मागचं दार याच व्हरांड्यात उघडतं," ते म्हणाले. "झाप असल्यामुळे कुणाला दिसत नाही. बूट पुढे ठेवले, मागून निघाले. पण अनवाणी या जिन्याने चढले असते तर पाय शिटेने भरले असते, आणि दोन मिनिटांत सगळ्यांपुढे झोपेतून उठून आल्यासारखं अनवाणी यायचं होतं. म्हणून..."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. बाहेर पावलं वाजली. हलकी, अनवाणी. दारापुढे थांबली. काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज, मग कोऱ्या चामड्याचा वास फटीतून आत आला.

आणि तो बोलायला लागला. गाऱ्हाणं घालत होता, आमच्याकडे देवापुढे घालतात तसं, वाक्यावाक्याला थांबून. पेडण्याची बोली, मऊ आवाज. पण आता तो आवाज फाटला होता.

"बा देवा म्हाराजा. राखणदारा. ह्या जागेचो तू धनी. माझ्या हातून वाकडा-वायट घडला. तुझ्यो व्हाणो मी पायांत घातलंय म्हाराजा. मजबुरीन घातलंय. आज तुका नव्यो व्हाणो हाडल्यंय. त्यो मान्य करून घे. आणि सांजेक कौलात माझा नाव काढू नुको म्हाराजा."

तो थांबला. गाऱ्हाण्यात असं थांबलं की भोवतालच्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. लहानपणापासून म्हणत आलेली माणसं आम्ही. मी जीभ चावून धरली.

परब फौजदारांच्या तोंडून मात्र गेलं. त्यांनी नंतर कितीही सांगितलं की मुद्दाम म्हटलं, पण मी शेजारी होते. सवयीने गेलं.

"व्हय म्हाराजा," ते दाराच्या आतून म्हणाले.

बाहेर एक किंकाळी उठली. माणसाची वाटत नव्हती. फौजदारांनी दार उघडलं तेव्हा कृष्णनाथबाब पालथे पडून दोन्ही हातांनी फरशी धरून होते, आणि समोर नव्या व्हाणांची जोडी. हवालदाराला त्यांना धरावंच लागलं नाही. उचलावं लागलं. कुंकळ्येकरांना का मारलं, कसं मारलं, ते त्यांनी जीपमध्ये बसायच्या आधीच सगळं सांगितलं, कुणी विचारलं नसताना. चहानंतर दार उघडलं असतं तर घड्याळांचे खोके सापडले असते, एवढंच कारण.

मला राहून राहून एकाच गोष्टीची चीड येते. त्यांनी देवाकडे व्हाणांची माफी मागितली. पायऱ्यांवर डोळे उघडे ठेवून पडलेल्या माणसाचं नाव गाऱ्हाण्यात आलंच नाही.

६

दादाला संध्याकाळी सोडलं. मी ठाण्याबाहेर रिक्षा उभी करून ठेवली होती. घरी नारळाच्या रसातलं भाज्यांचं खतखतं केलं होतं, दोन दिवस तो जेवला नव्हता.

परब फौजदार दारापर्यंत आले. "तुझं खरं बोलणं तुझ्याच गळ्याशी आलं होतं, बाबली," ते म्हणाले.

"म्हज्या मुखार कोण वयर गेलो ना," दादाने पुन्हा सांगितलं, जणू कुणी अजून विचारतच होतं.

"नाही गेलं. आता माहीत आहे मला."

दादाने मान हलवली. मग विचारलं, "देवचाराच्यो व्हाणो?"

"दोन्ही जोड्या पुराव्यात गेल्या."

दादाचा चेहरा पडला. रिक्षात बसला, पण घराचा रस्ता आला तेव्हा रिक्षा चांभाराकडे वळवायला लावली. मी त्याला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. आधी घरी चल, दोन घास खा, देवचार काही पळून जात नाही. तो ऐकून घेत राहिला आणि मग म्हणाला, "देवाक अनवाणी कसो दवरचो?" चांभाराने बेताळ देवाला वाहण्यासाठी करून ठेवलेली जोडी काढून दिली. आम्ही दोघांनी ती कचेरीत नेली. दार आता उघडं होतं, आत जिना, वर पारवे. खोके पोलिसांनी नेले होते. दादाने दार नीट ओढून घेतलं, व्हाणा ठेवल्या, विडी पेटवून ठेवली आणि मगच घरी आला.

कचेरी राहिली. कुंकळ्येकरांचं मत पणजीत पोचलं, दोन जिन्यांसकट. माझं टेबल आहे तिथेच आहे. दुपारी सगळे निजतात आणि मला अजून पाठ भिंतीकडे करून बसवत नाही. पारवा जरी आत फडफडला तरी मी उठून मागच्या व्हरांड्यात जाते आणि दारापाशी वाकून व्हाणांचे तळ बघते. कोरे असतात. कोरे दिसले की माझ्या जिवात जीव येतो.

दादाही बघतो, रोज सकाळी, उंडो ठेवताना. त्या व्हाणा आमच्या आजाच्या वेळी झिजायच्या, बापाच्या वेळीही झिजायच्या, तेव्हा कोण कृष्णनाथ होता, असं तो मला एकदा म्हणाला. कोरे तळ बघून तो खाली बसतो, आणि आपलंच काही चुकलं असेल अशा चेहऱ्याने विडी पेटवतो.